‘डॉक्टरला गांजाचं सांगू नका’ म्हणणाऱ्यांना एका भूलतज्ज्ञाचं उत्तर

सध्या एक मेसेज फिरतोय: ‘गांजा ओढत असाल तर डॉक्टरला चुकूनही सांगू नका, थेट पोलिसांत कळवतात. शिवाय ती वनस्पती आहे, आयुर्वेदात आहे, तिचं व्यसन लागत नाही. ऑपरेशनशी तर काही संबंधच नाही.’

आधी ऑपरेशनचंच बोलू. गांजाने हृदयाचे ठोके वाढतात. रोज ओढणाऱ्याला भुलीचं औषध जास्त लागू शकतं, नंतर दुखतंही जास्त. नुकताच ओढून आलेल्याचं तातडीचं नसलेलं ऑपरेशन आम्ही पुढे ढकलतो.

हर्नियाच्या ऑपरेशनला एक विशीतला मुलगा आला होता. व्यसनाचं विचारलं तर वडीलच म्हणाले, “छे हो, सुपारीसुद्धा नाही.” मुलाची नाडी ११२. वडिलांना कागदपत्रं करायला पाठवलं आणि म्हटलं, “हे मी सगळ्यांनाच विचारते, औषधाचा डोस ठरवायला लागतं. तंबाखू, दारू, गांजा, यातलं काही? शेवटचं कधी?” नखं कुरतडत तो म्हणाला, “आज सकाळी, मॅडम. टेन्शन आलं होतं.” ऑपरेशन दोन दिवस पुढे गेलं.

पोलिसांना मी कळवलं नाही. रुग्णाचं गुपित राखणं हे आमच्या आचारसंहितेतच आहे. अपघात किंवा विषबाधा झाली तर रुग्णालय पोलिसांना कळवतं, ते वेगळं. कोर्टाचा आदेश किंवा कुणाच्या जिवाला धोका, असे अपवादही आहेत. पण तपासणीत दिलेलं खरं उत्तर त्यात बसत नाही. उलट १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याचं कलम ६४अ सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या खटल्यापासून संरक्षण देतं.

वनस्पती तर धोतराही आहे. आयुर्वेदातली ‘विजया’, म्हणजे भांगच, शोधन (शुद्धीकरण) करून, मात्रा ठरवून देतात, आणि भांग-गांजा औषध नियमांतल्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहेत. व्यसनही लागतं: घेणाऱ्यांपैकी साधारण दहात एकाला, कोवळ्या वयात सुरुवात केली तर सहात एकाला. सोडल्यावर चिडचिड होते, झोप उडते, जेवण जात नाही.

तरी लोकांना हा मेसेज पटतो, आणि त्यात आमचा दोष मोठा आहे. “गांजा ओढतोस? लाज नाही वाटत?” असं आईबापांसमोर विचारणारे डॉक्टर मी पाहिलेत. त्या खोलीत खरं उत्तर कोण देईल? माझी सहकाऱ्यांना कळकळीची विनंती आहे: एकट्याला विचारा, का विचारतोय ते आधी सांगा. किती वेळा घेतो, तंबाखूत मिसळून घेतो का, त्याने त्याला काय मिळतं, हेही विचारा. आणि उत्तर आल्यावर प्रवचन देऊ नका.

घरी जायच्या दिवशी त्या मुलाने आपणहून विचारलं, “मॅडम, त्याच्याशिवाय झोपच येत नाही. काय करू?” याच्यावर खात्रीची गोळी नाही, पण समुपदेशनाचा उपयोग होतो, असं मी सांगितलं. १४४४६ ही सरकारची मोफत हेल्पलाइन. नंबर त्याने तिथेच मोबाइलमध्ये घेतला.