वेबट्रॅफिकच्या आकड्यांवरून फोनची लायकी ठरत नाही

गेले काही दिवस आयफोन आणि अँड्रॉइडची तुलना करणारा एक लांबलचक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जगात दरवर्षी विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनमध्ये आयफोन पाचात जेमतेम एक असतो, पण मोबाइलवरून होणाऱ्या वेबट्रॅफिकमध्ये, म्हणजे उघडल्या जाणाऱ्या वेबपानांमध्ये, त्याचा वाटा चारात एकाहूनही जास्त आहे. म्हणजे आयफोनवालेच फोन खऱ्या अर्थाने वापरतात, बाकीचे नुसता खिशात बाळगतात. हे आकडे अब्जावधी पानांवरून काढलेले असल्यामुळे वादाला जागा नाही. अँड्रॉइडवाले अजून अँड्रॉइड १० वरच अडकलेत. पैसा आयफोनवाल्यांकडेच आहे. आणि म्हणून स्वस्त फोनवर साइट नीट चालते की नाही हे तपासण्यात कुणी वेळ घालवू नये.

मी हे वाचून सोडून दिलं असतं. पण माझा भाचा वेबसाइट बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. त्याने हाच मजकूर मला पाठवला आणि खाली लिहिलं, "मावशी, मग जुन्या अँड्रॉइडवरचं टेस्टिंग बंद करायला हरकत नाही ना? टीममध्ये सगळे तेच म्हणतायत." हरकत आहे, आणि चांगलीच मोठी आहे.

आधी मूळ तुलना बघू. आकडे खोटे नाहीत, हे सुरुवातीलाच मान्य करते. आयडीसी या बाजार संशोधन कंपनीच्या मोजणीनुसार २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या स्मार्टफोनमध्ये आयफोनचा वाटा १८.७ टक्के होता. साइट्सवर काउंटर बसवून पानं मोजणाऱ्या स्टॅटकाउंटरवर त्याच काळात आयओएस, म्हणजे आयफोनची सिस्टिम, २७-२८ टक्क्यांच्या आसपास दिसतं. घोळ आहे तो हे दोन आकडे शेजारी ठेवण्यात. विक्रीचा आकडा एका वर्षाचा असतो. वेबवर दिसतात ते गेल्या कित्येक वर्षांत विकले गेलेले आणि अजून चालू असलेले सगळे फोन. समजा, दरवर्षी शंभर फोन विकले जातात, त्यात वीस एका प्रकारचे आणि ऐंशी दुसऱ्या. पहिल्या प्रकारचे फोन पाच वर्षं वापरात राहतात, दुसऱ्या प्रकारचे तीन वर्षं. काही वर्षांनी लोकांच्या हातात पहिले शंभर असतील आणि दुसरे दोनशे चाळीस. पहिल्यांचा वाटा झाला २९ टक्के. प्रत्येकाने रोज अगदी सारखीच पानं उघडली, तरी विक्रीतले २० टक्के ट्रॅफिकमध्ये २९ होतात. कुणी कुणापेक्षा एक पानही जास्त वाचलेलं नसतं.

फोन जास्त वर्षं वापरात राहणं हा गुणच आहे, तेवढं श्रेय आयफोनला द्यावं लागेल. २०१५ च्या आयफोन ६एसला २०२१ मध्ये आयओएस १५ मिळालं. तेव्हाच्या बहुतेक अँड्रॉइड फोनच्या नशिबी असं काही नव्हतं. आता गूगल पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंग एस२४ पासून सात वर्षांच्या अपडेटचं वचन देतंय, पण त्या महाग मालिका झाल्या. असो. फोन टिकतो हे एक विधान झालं, बाकीचे लोक फोन वापरतच नाहीत हे अगदी वेगळं विधान आहे. पहिल्याचा पुरावा दाखवून दुसरं गळी उतरवलं जातंय.

हे पूर्वीही झालंय. गार्टनर या बाजार संशोधन कंपनीच्या आकड्यांनुसार २००९ मध्ये विकल्या गेलेल्या स्मार्टफोनपैकी ४६.९ टक्के सिंबियनचे (मुख्यतः नोकियाच्या फोनवरची सिस्टिम) होते, आयफोन १४.४ आणि अँड्रॉइड ३.९. मोबाइलवर जाहिराती दाखवणाऱ्या ॲडमॉब कंपनीच्या फेब्रुवारी २०१० च्या अहवालात मात्र चित्र उलटं होतं: आयफोन ५० टक्के, अँड्रॉइड २४, सिंबियन १८. तेव्हाही यावरून विजेते आणि पराभूत जाहीर झाले. पण ॲडमॉब मोजत होतं काय? आपल्या जाळ्यातल्या साइट्स आणि ॲप्सकडून जाहिरातीसाठी आलेल्या विनंत्या. एखादं गेम चालू असताना जाहिरात जितक्या वेळा बदलेल तितक्या नोंदी. ज्या फोनसाठी ॲडमॉबच्या जाहिराती घेणारी ॲप्स जास्त, तो फोन अहवालात मोठा दिसणारच. सिंबियनवर वेब बघणं खरंच कटकटीचं होतं आणि पुढे नोकियाने २०११ मध्ये विंडोज फोनची वाट धरली, हेही खरं. दिशा त्या आकड्यांनी बरोबर दाखवली. पण त्यातून 'कोण किती पट वापरतं' हे काढणारे तेव्हाही चुकत होते.

आता सगळ्यात हास्यास्पद मुद्दा. मजकुराबरोबर कुठल्याशा साइटच्या लॉगमधून, म्हणजे कुणी पान मागितलं याच्या नोंदींमधून, काढलेली मॉडेलची यादी आहे. त्यात वर 'आयफोन', मग अँड्रॉइडमध्ये पहिल्या क्रमांकावर 'के' नावाचं मॉडेल, आणि जवळजवळ सगळे अँड्रॉइड १० वर. यावरून निष्कर्ष असा की अँड्रॉइडवाले २०१९ च्या सॉफ्टवेअरवर जगतायत. ज्याने ही यादी केली त्याने एकदा तरी स्वतःला विचारायला हवं होतं की हा 'के' फोन बाजारात कुणी पाहिलाय का?

तो फोन अस्तित्वातच नाही. ब्राउझर प्रत्येक पान मागताना स्वतःची ओळख सांगणारी एक ओळ पाठवतो, तिला यूझर एजंट म्हणतात. पूर्वी त्या ओळीत अँड्रॉइडची आवृत्ती आणि फोनचं मॉडेल असायचं. त्यावरून माणसाचा माग काढणं सोपं व्हायचं, म्हणून क्रोमने २०२३ मध्ये आवृत्ती ११० पासून टप्प्याटप्प्याने ही माहिती गोठवली. आता फोन कोणताही असो, क्रोम आवृत्तीच्या जागी 'अँड्रॉइड १०' आणि मॉडेलच्या जागी 'के' एवढंच पाठवतो. कालच पेटीतून काढलेला फोनही हेच सांगतो. खरी माहिती हवी असेल तर साइटला ती 'क्लायंट हिंट्स' नावाच्या वेगळ्या मार्गाने मागावी लागते. यादी करणाऱ्याने ती मागितलेली नाही. क्रोम बनवणाऱ्यांनी हे सगळं आधीपासून उघडपणे लिहून ठेवलंय, लपवलेलं काही नाही.

आणि आयफोन यादीत वर का? कारण आयफोनने या ओळीत मॉडेल कधीच सांगितलं नाही. आठ वर्षांपूर्वीचा असो की गेल्या महिन्यातला, सगळे 'आयफोन' या एकाच नावाखाली जमा होतात. अँड्रॉइडचे क्रोमवाले फोन 'के' खाली आणि बाकीचे वेगवेगळ्या मॉडेलच्या ओळींत विखुरणार आणि आयफोनची सगळी पिढ्यान्‌पिढ्यांची गर्दी एका ओळीत येणार. अशा यादीत आयफोन पहिला आला नाही तरच नवल. बरं, ॲपलनेही आता तेच केलंय. सफारी २६ (ॲपलचा ब्राउझर) आयफोनवर स्वतःची आवृत्ती २६ सांगते, पण आयओएसची आवृत्ती '१८_६' अशी गोठलेली पाठवते. सफारीचं इंजिन बनवणाऱ्या वेबकिटने २०२५ मध्येच हे जाहीर केलं. या यादीचा न्याय लावला तर आयओएस २६ कुणी घेतलंच नाही असं म्हणावं लागेल. मजकूर लिहिणाऱ्याला ते मान्य आहे का?

मी अँड्रॉइडची वकिली करत नाहीये. ही मोजणी ॲपलवरही अन्याय करते. आयपॅडओएस १३ पासून, म्हणजे २०१९ पासून, आयपॅडवरची सफारी साइटला आपण मॅक आहोत असंच सांगते, त्यामुळे कितीतरी आयपॅड संगणकांच्या खात्यात जातात. आयफोनवर २०१५ पासून सफारीत कंटेंट ब्लॉकर (जाहिराती वगैरे अडवणारी ॲप्स) चालतात आणि त्यातले बरेच मोजणी करणाऱ्या काउंटरची स्क्रिप्टही, म्हणजे पानातला छोटा प्रोग्रॅमही, अडवतात; अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये तशी सोयच नाही. नेट ॲप्लिकेशन्स या कंपनीची नेटमार्केटशेअर ही ब्राउझरांच्या वापराची आकडेवारी १४ वर्षं चालून २०२० मध्ये बंद झाली, ती ब्राउझरमधल्या अशाच येऊ घातलेल्या बदलांमुळे. उपकरण ओळखणंच धड जमणार नाही म्हणून ज्यांचा हा धंदा होता त्यांनी दुकान आवरलं, आणि इथे लोक लॉगमधल्या एका अक्षरावरून करोडो माणसांबद्दल निकाल देतायत.

'अब्जावधी पानं' या मुद्द्यावर फार थांबत नाही. स्टॅटकाउंटर स्वतःच सांगतं की त्यांचे आकडे १५ लाखांहून अधिक साइट्सवरच्या, महिन्याला ५ अब्जांहून जास्त पानांवर आधारलेले आहेत, आणि त्यांना कोणताही भार दिलेला नाही, म्हणजे लोकसंख्या वगैरे बघून ते कमीजास्त केलेले नाहीत. म्हणजे ज्या साइट्सनी हा काउंटर आपणहून बसवला, तेवढ्याच. ढीग मोठा असला म्हणून तो सगळ्यांचा नमुना होत नाही. शिवाय पानं मोजायची की माणसं, एवढ्यानेही निकाल फिरतो. मे २०१२ मध्ये संगणकावरच्या ब्राउझरांच्या बाबतीत स्टॅटकाउंटर म्हणत होतं की क्रोमने इंटरनेट एक्सप्लोररला गाठलं, दोघेही ३२ टक्क्यांच्या घरात. त्याच महिन्यात नेट ॲप्लिकेशन्स इंटरनेट एक्सप्लोररला ५४ टक्के आणि क्रोमला २० च्या आत दाखवत होतं. जग तेच होतं. स्टॅटकाउंटर पानं मोजत होतं, नेट ॲप्लिकेशन्स रोजची वेगळी माणसं मोजून त्यांना देशांच्या इंटरनेट लोकसंख्येचा भार लावत होतं. आणि ॲपमध्ये घालवलेला वेळ यातल्या कुठल्याच आकड्यात येत नाही. दिवसभर ॲपवरूनच बोलणारा, पैसे पाठवणारा, व्हिडिओ बघणारा माणूस या हिशेबात 'फोन न वापरणारा' ठरतो.

ज्यासाठी मी हे लिहायला बसले तो मुद्दा शेवटचा: स्वस्त फोनवरून ट्रॅफिक येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी साइट तपासू नका.

ट्रॅफिक का येत नाही, हे कुणी विचारलं का? ख्रिस झकारायस हे पूर्वी यूट्यूबमध्ये इंजिनिअर होते. व्हिडिओचं पान १.२ एमबीचं झालं होतं, ते त्यांनी कापून ९८ केबीवर आणलं. हलकं पान काही लोकांना देऊन आकडे पाहिले, तर पान उघडायला लागणारा सरासरी वेळ कमी होण्याऐवजी वाढलेला! सगळी मेहनत वाया गेली असं वाटत असताना त्यांनी आकडे प्रदेशानुसार वेगळे केले. आग्नेय आशिया, दक्षिण अमेरिका, आफ्रिका, सायबेरिया इथून येणाऱ्यांची संख्या एकदम वाढली होती. त्या लोकांना हलकं पान उघडायलाही दोन मिनिटं लागत होती. जुनं पान उघडायला वीस मिनिटांहून जास्त लागली असती, म्हणून ते येतच नव्हते. पान त्यांच्यापर्यंत पोचायला लागल्यावर ते पहिल्यांदा आकड्यांत दिसले, आणि त्यांच्या संथ जोडणीने सरासरी वर नेली. २०१२ मध्ये झकारायस यांनी हे स्वतः लिहिलंय. वेबट्रॅफिकवरून माणसांची किंमत करणाऱ्या प्रत्येकाने ते वाचायला हवं.

आता हेच स्वस्त फोनला लावा. आजचं सरासरी मोबाइल पान २ एमबीच्या वर आहे आणि त्यात जावास्क्रिप्टचा, म्हणजे पानासोबत येणाऱ्या प्रोग्रॅमचा, मोठा वाटा. ती नुसती उतरवून भागत नाही, फोनला ती वाचून चालवावीही लागते. कमी मेमरी आणि धीमा प्रोसेसर असलेल्या फोनवर त्यात जीव जातो. मोजणी करणारा काउंटर हीसुद्धा एक स्क्रिप्टच, आणि बऱ्याचदा ती उशिरा चालते. ती चालायच्या आत माणूस कंटाळून परत गेला तर त्याची नोंदच होत नाही. मग टीम आलेख उघडून म्हणते, बघा, इथून कुणी येत नाही. टेस्टिंग बंद होतं. पान आणखी जड होतं. उरलेलेही जातात, आणि पुढच्या आलेखात आपला निर्णय बरोबर होता असं दिसतं. आपणच दार बंद करायचं आणि कुणी आलं नाही याची आकडेवारी काढायची, हा कुठला शहाणपणा?

भाच्याच्या कंपनीच्या साइटवर लोक अर्ज भरतात. तिथे 'येत नाहीत' याचा अर्थ कुणाचा तरी अर्ज राहिला. त्याला मी सांगितलंय की काउंटरचा आलेख बाजूला ठेव आणि सर्व्हरचा लॉग उघड. स्क्रिप्ट चालली नाही तरी पान मागितल्याची नोंद सर्व्हरवर होतेच. बॉट (आपोआप पानं मागणारे प्रोग्रॅम) वगळ, आणि किती जणांनी पान मागितलं, त्यातल्या किती जणांची काउंटरवर नोंद झाली, किती जणांचा अर्ज पूर्ण झाला, हे क्रमाने बघ. फरक कुठे पडतो ते कळलं की टीमशी बोल. आणि तोवर तो जुना अँड्रॉइड टेबलावरून हलवू नकोस.

राहिला पैशाचा मुद्दा. त्यात तथ्य आहे, हे नाइलाजाने म्हणते. फोनची संख्या कमी असूनही ॲपलच्या ॲप स्टोअरवर लोक गूगल प्लेपेक्षा जास्त खर्च करतात. विकत घ्यायचं ॲप बनवणाऱ्याने आधी आयफोनसाठी बनवलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण तो हिशेब ग्राहकाच्या खर्चाचा आहे, तो दुकानाच्या उलाढालीत थेट दिसतो. कोणत्या फोनवर किती पानं उघडली यावरून तो काढता येत नाही, आणि ज्या साइटवर लोक खरेदीसाठी नव्हे तर अर्ज भरायला येतात तिथे तो लागूही होत नाही.