स्वर्ग म्हणजे फक्त मेल्यावर जायची जागा नाही

एका लेखात लिहिलंय की बायबलमधला स्वर्ग म्हणजे चांगली माणसं मेल्यावर जातात ती जागा, पण मला हे अपुरं वाटतं. बायबलच्या जुन्या कराराच्या मूळ हिब्रू भाषेत ‘शामायिम’ हा एकच शब्द ढगांच्या आकाशालाही आहे आणि देवाच्या निवासालाही, म्हणून बायबलच्या पहिल्याच वाक्यात (उत्पत्ति १:१) मधे मराठीत ‘आकाश’ येतं. आणि येशूचं चरित्र सांगणाऱ्या शुभवर्तमानांत मत्तय जिथे ‘स्वर्गाचं राज्य’ म्हणतो तिथे मार्क, लूक सरळ ‘देवाचं राज्य’ म्हणतात, म्हणजे तिथे मुद्दा जागेचा नाहीच, देवाच्या सत्तेचा आहे. येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतही स्वर्गातल्यासारखी पृथ्वीवरही तुझी इच्छा पूर्ण होवो असंच मागतो ना आपण? बायबलच्या शेवटच्या पुस्तकातला प्रकटीकरण २१ हा अध्याय तर नक्की वाचा, तिथे माणसं वर जात नाहीत, नवं यरुशलेम हे पवित्र नगर स्वर्गातून खाली उतरतं आणि देव माणसांजवळ राहायला येतो, मला तर हे वाचताना दरवेळी भरून येतं.