सायकल कुठे सोडायची? रांगणा किल्ल्याच्या लेखावर आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

काका म्हणतोय, कारण प्रतिक्रियेखाली तुम्ही नाव दिलेलं नाही, "पस्तीस वर्षं सह्याद्रीत पाय झिजवलेला म्हातारा" एवढीच सही आहे. उत्तराला आठ दिवस लागले. पहिल्या दिवशी लिहिलेलं उत्तर चिडून लिहिलं होतं, ते पुसून टाकलं.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डिसेंबरातल्या एका शनिवारी मी कोल्हापुरातून सायकलवर निघालो. गारगोटी, कडगाव करत पाटगावला मुक्काम टाकला. रविवारी भटवाडी, चिक्केवाडी करून रांगणा गाठला आणि त्याच रात्री घरी परतलो. त्यावर काकांनी लिहिलं:

"दोन दिवस खर्चून गडावर पावणेदोन तास! हत्तीसोंड माची पाहिली नाहीत, तळ्याकाठी टेकला नाहीत, मग रांगणा केला असं कुठल्या तोंडाने म्हणता? गाडी केली असती तर दिवसभर गड बघून झाला असता. सायकल हे शहरातल्या पोरांचं खूळ, मोबाइलवर आकडे दाखवायला. आणि उसाच्या हंगामात मुदाळतिट्ट्यावरून रात्री सायकलने येणं याला धाडस नाही, गाढवपणा म्हणतात. तुमचं वाचून उद्या एखादं पोरगं जाईल."

शेवटापासून घेतो. गाढवपणा हा शब्द मान्य. लेखात मी त्या रात्रीवर "परतताना जरा उशीर झाला" एवढं एक वाक्य लिहिलं होतं. खरं काय झालं ते असं. बिद्रीच्या अलीकडे एका ट्रॉलीच्या मागे मी दहा-बारा फुटांवर पोचलो तोवर पुढे ट्रॉली आहे हेच मला कळलं नव्हतं. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर धुळीने बुजलेला. आधी वास आला, ताज्या तोडलेल्या उसाचा. मग समोरून एक गाडी आली, तिचा उजेड उसाच्या शेंड्यांमधून झिरपला आणि अंधाराला एकदम कडा फुटल्या. बाजूला हातभर बाहेर आलेली कांडी माझ्या खांद्याच्या उंचीवर होती. ब्रेक दाबला तर रस्त्यावर चिरडलेल्या उसाच्या चोयट्या, त्यावरून मागचं चाक सरकलं. पडलो नाही. त्यात माझं कौशल्य काही नव्हतं.

पण काका, दोष सायकलचा होता असं तुम्ही म्हणता तिथे मी अडतो. उशीर का झाला ते मी लेखात लपवलं, म्हणून तुमचा समज तसा झाला. "उतरताना सायकलमध्ये किरकोळ बिघाड" असं लिहून मी मोकळा झालो होतो. आता नीट सांगतो.

भटवाडीत सकाळी सात वाजता एका घरापुढे थांबून पाणी मागितलं. मावशी अंगणात सडा टाकत होत्या. चिक्केवाडीपर्यंत कच्चा रस्ता आहे, सायकल जाते का, असं विचारलं. त्यांनी सायकलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ठेव की हितंच पडवीत. वर नेऊन काय तिला देव दावणार हायस?"

मी हसलो आणि सायकल वर नेली. डोक्यात हिशेब असा होता की चढताना थोडी ढकलू, पण उतरताना सुसाट येऊ. पायी उतरायला लागणारे दोन तास वाचतील आणि उजेड असतानाच कडगाव गाठू. कागदावर हा हिशेब कोणालाही पटेल. प्रत्यक्षात त्या रस्त्यावर जांभ्याचे सुटे खडे, पावसाने पाडलेल्या घळी आणि मधूनमधून पिठासारखी लाल माती. सायकलवर बसावं तर मागचं चाक जागच्या जागी फिरतं. उतरून ढकलावी तर पेडल नडगीवर आपटतं. पायी सव्वादोन तासांची ती वाट, मला सायकल ढकलत पावणेतीन तास लागले. म्हणजे गडावर घालवायचा अर्धा तास मी खाली जंगलातच सांडून आलो होतो. शिवाय पाय आधीच उकळलेले. गडावर पोचलो तेव्हा रांगणाई देवीच्या देवळापाशी बसलो तो बसलोच. तुम्ही म्हणता ती माची मी पाहिली नाही, कारण तिथवर जाऊन परत यायची ताकद उरली नव्हती. लेखात मात्र "वेळेअभावी" लिहिलं. वेळ होता, काका.

उतरताना तर विचारूच नका. चिक्केवाडी सोडून वीस मिनिटं झाली असतील. एका घळीत चाक उतरलं, आणि मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, ज्याला आमच्यात सगळे आरडी म्हणतात, तो दगडावर आदळला. आरडी ज्या छोट्या धातूच्या कानावर टांगलेली असते त्याला हँगर म्हणतात. तो मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमचा करतात, म्हणजे मार बसला तर तो वाकावा किंवा तुटावा, पण सायकलची फ्रेम वाचावी. माझा तुटला. म्हणजे कारखान्याने जे ठरवलं होतं ते बरोबर घडलं, फक्त ते घडायला मी भलती जागा निवडली. आरडी चेनला लोंबकळत स्पोकांत शिरायला लागली. नवीन हँगर जवळ नव्हता. चेन तोडायचं टूल होतं, पण ते मी आयुष्यात एकदाच, घरी, पंख्याखाली बसून वापरलेलं. चेनच्या कड्या कमी करून मधल्या एका चक्रावर सरळ बसवायची, म्हणजे गिअर नसलेली साधी सायकल तयार होते. हे करायला मला पाऊण तास लागला. हात काळे, घामावर लाल धूळ, आणि चेन दर दोन-चार किलोमीटरला उतरणार ती उतरणारच. भटवाडीपर्यंत बरीचशी वाट मी चालतच आलो. पडवीतून मावशी काही बोलल्या नाहीत, त्यांनी नुसती बादली पुढे केली.

आणि सगळ्यात मोठी चूक याच्याही पुढची आहे. कडगावात चहाला थांबलो असताना दूध गोळा करणाऱ्या टेम्पोवाल्याने विचारलं, "दादा, टाका मागं, गारगोटीपर्यंत सोडतो." मी नाही म्हणालो. का, तर लेखात "संपूर्ण प्रवास सायकल आणि पायी" असं लिहिता यावं म्हणून. मोबाइलवर आकडे दाखवायचं खूळ असं तुम्ही लिहिलंत ना, ते बाकी कुठे नाही पण कडगावच्या त्या टपरीवर शंभर टक्के खरं होतं.

आता जिथे मी मागे हटणार नाही ते सांगतो.

सायकलने डोंगरापर्यंत जाणं हे शहरी पोरांनी काल काढलेलं फॅड नाही. १९३१ साली आल्प्समधल्या मॅटरहॉर्न शिखराची उत्तर भिंत पहिल्यांदा चढली ती फ्रांत्स आणि टोनी श्मिड या दोन भावांनी. ते म्युनिकहून झेरमॅटला सायकलने गेले होते आणि चढाई करून सायकलनेच परत गेले. ऑस्ट्रियन गिर्यारोहक हर्मान बूल १९५२ मध्ये आल्प्समधल्याच पिझ बदिले शिखराची ईशान्य भिंत एकट्याने चढायला सायकलवर गेला. परतताना त्याचा सायकलवरच डोळा लागला आणि तो सायकलसकट इन नदीत पडला. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, नंगा पर्वताच्या शिखरावर पहिलं पाऊल त्याचं होतं. म्हणजे परतीच्या वाटेवरचा गाढवपणा थोरांनाही चुकलेला नाही. हे समर्थन म्हणून सांगत नाही, मला ते वाचून जरा बरं वाटलं इतकंच. आणि एवढ्या लांब कशाला जायचं? माझे आजोबा कारखान्यावर रोज सायकलने जायचे, हंगामात रात्रपाळीलासुद्धा. त्यांना कुणी छांदिष्ट म्हटलं नाही.

स्कॉटलंडमध्ये ३,००० फुटांच्या वरच्या डोंगरांना मन्रो म्हणतात, असे २८२ आहेत. त्यातले काही रस्त्यापासून इतके आत आहेत की लोक मोठ्या खाजगी इस्टेटींच्या कच्च्या वाटांनी सायकलवर आत जातात, चढ उभा झाला की झुडपांत सायकल आडवी टाकतात आणि पुढे पायी जातात. ही वर्णनं वाचूनच मी रांगण्याचं ठरवलं होतं. पण तिकडची गोष्ट मी इकडे जशीच्या तशी उचलली आणि फसलो. तिकडच्या त्या खोऱ्यांत मैलोन् मैल माणूस नाही, म्हणून सायकल आतपर्यंत न्यावी लागते. आपल्याकडे डोंगराच्या पायथ्याला गाव असतं, गावात पडवी असते आणि पडवीत मावशी असतात. आपल्याकडे सायकलचा रस्ता डांबर संपतं तिथे संपतो. रांगण्यापुरतं बोलायचं तर भटवाडीत. मी तो चिक्केवाडीत संपवायला गेलो.

मग गाडीनेच का नाही, हा तुमचा प्रश्न उरतोच. गाडीने मी आधी दोनदा गेलोय, काका. दोन्ही वेळा गारगोटीनंतर झोपलो होतो, पाटगावला कुणीतरी उठवलं. या वेळी मुदाळतिट्ट्याचा फाटा सोडल्यापासून वेदगंगेचं खोरं नजरेसमोर होतं. गारगोटीला ती चांगली रुंद नदी आहे. कडगावच्या पुढे दोन्ही अंगांचे डोंगर जवळ येत जातात, ऊस कमी होतो, भाताची खाचरं दिसायला लागतात. मग पाटगावचं धरण, मौनी सागर, आणि त्याच्या मागे नुसतं रान. जवळपास ऐंशी किलोमीटर पायडल मारल्यावर हा गड "आडवळणी" आहे म्हणजे काय हे मांड्यांना कळतं. १७०८ मध्ये पन्हाळा हातचा गेल्यावर ताराराणी रांगण्यावर का आल्या, आणि मागून येऊन वेढा घालणाऱ्या शाहू महाराजांना पावसाळा लागल्यावर तो वेढा का उठवावा लागला, हे शाळेत शिकलो होतो. फौजेचं दाणापाणी, बैल आणि तोफा या खोऱ्यातून वर चढवायच्या म्हणजे काय, याचा अंदाज मला एक सायकल वर ढकलताना आला. गाडीच्या मागच्या सीटवर तो आला नसता. गड पावणेदोन तासच पाहिला हे खरं. गडाकडे जायचा रस्ता मात्र पहिल्यांदा पाहिला.

"तुमचं वाचून एखादं पोरगं जाईल" हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं, म्हणून कुणी जाणारच असेल तर त्याच्यासाठी दोन-तीन गोष्टी. सायकलने मांड्या कमावल्या म्हणजे उतार झेपतो असं समजू नका. पायडल मारताना स्नायू आखडून जोर लावतो. डोंगर उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना वजन पेलतो. त्याची सवय सायकल लावत नाही. गडावरून उतरताना माझे गुडघे थरथरत होते ते त्यामुळे. सायकलचे कडक तळव्याचे बूट जांभ्यावर घसरतात, चालायचे बूट वेगळे न्या, वजन झालं तरी. आणि परत फिरायची वेळ घरून लिहून न्या. १८९२ मध्ये विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने दिलेला ठोकताळा आहे: सपाटीवर तासाला ५ किलोमीटर, आणि चढाच्या दर ६०० मीटरला एक तास वाढवायचा. आपल्याकडचं ऊन आणि कारवीचं रान धरता मी त्यावर अर्धा पट आणखी चढवतो. तो हिशेब या वेळीही केला होता. त्यात फक्त सायकल ढकलण्याचा रकाना नव्हता.

वेळेच्या बाबतीत मला योरान क्रॉपचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. हा स्वीडिश माणूस १९९५ च्या ऑक्टोबरात स्टॉकहोमहून सायकलवर निघाला, सगळं सामान स्वतः वाहत नेपाळला पोचला आणि १९९६ च्या मेच्या सुरुवातीला एव्हरेस्टच्या शिखराच्या अगदी खाली, साधारण शंभर मीटरवर असताना, उशीर झाला म्हणून मागे फिरला. अर्धं जग सायकलवर ओलांडून आलेला माणूस! त्याच महिन्यात, २३ मेला, तो बाटलीतल्या ऑक्सिजनशिवाय शिखरावर उभा राहिला. मला मात्र कडगावात दुधाच्या टेम्पोत बसायला जड गेलं.

तर काका, मार्चच्या आत पुन्हा जाणार आहे, सायकलनेच. दोन दिवसांऐवजी तीन दिवस. सायकल भटवाडीत पडवीत राहील. माची पाहिल्याशिवाय खाली उतरणार नाही, आणि तिसरा अख्खा दिवस परतीला. तुम्ही पाटगावपर्यंत गाडीने या, तिथून पुढे बरोबर चालू. माचीवर कुठल्या अंगाने जायचं ते तुम्हालाच जास्त माहीत असणार. खर्डा-भाकरी माझ्याकडून.

मूळ लेखात दुरुस्त्या केल्या आहेत. "किरकोळ बिघाड" काढून तुटलेल्या हँगरचा फोटो टाकला आहे, "वेळेअभावी" खोडलं आहे. आणि कडगावच्या परिच्छेदात एक ओळ वाढवली आहे: दुधाचा टेम्पो, संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास, स्टँडसमोरच्या टपरीपाशी थांबतो. सायकल मागे मावते.