खुन्याचे पाय पाळण्यात

समजा, तुमच्या हाती एक गाजलेला खुनी आला आहे. मुखवटा आहे, हत्यार आहे, पाच-सहा भाग चालून झालेत आणि शेवटच्या भागात कुणीतरी त्याचं मुंडकंच उडवून ठेवलंय. आता पुढे काय? हातपाय गाळू नका. पुढे रस्ता बंद असला तर गाडी मागे घ्या. मागे खुन्याचं बालपण असतं आणि त्याला अजून कुणी हात लावलेला नसतो. ह्या मागे घेतलेल्या गाडीला प्रीक्वल म्हणतात.

पहिलं काम, मूळ सिनेमा नीट बघा आणि त्यात काय काय सांगितलेलं नाही ते वहीत उतरवा. तुमचं सगळं भांडवल तेवढंच.

जॉन कार्पेंटरचा १९७८चा ‘हॅलोवीन’ घ्या. तीन-सव्वातीन लाख डॉलरांत उरकलेला सिनेमा, म्हणजे अमेरिकेच्या हिशेबाने चणेफुटाणे. सुरुवातीला आपण कुणाच्या तरी डोळ्यांनी घरात शिरतो. स्वयंपाकघरातून सुरी घेतो, जिना चढतो, थोरल्या बहिणीला भोसकतो आणि खाली येतो. दारात आईबाप भेटतात, बाप तोंडावरचा मुखवटा काढतो, तर आत सहा वर्षांचं पोर, मायकेल. अंगात विदूषकाचे कपडे, हातात सुरी, चेहरा कोरा. आईबाप चारचौघांसारखे, घर चारचौघांसारखं. का मारलं? कुणी सांगत नाही. त्याच्यावर उपचार करणारा डॉक्टर लूमिस एवढंच म्हणतो की आठ वर्षं ह्याच्या मनात शिरायला घालवली आणि पुढची सात ह्याला बाहेर पडू न द्यायला. श्रेयनामावलीत तर मुखवटाधारी मायकेलला नावही नाही. तिथे लिहिलंय, ‘द शेप’. नुसता आकार!

केवढा हा निष्काळजीपणा! एवढं मोठं कोरं पान सोडून कार्पेंटर घरी निघून गेला. ते तुम्ही भरायचंय. लूमिसला आठ वर्षांत जमलं नाही ते तुम्हाला दोन तासांत जमवायचंय, मध्यंतर धरून.

कसं, ते दिग्दर्शक रॉब झॉम्बीने २००७ मध्ये दाखवून दिलं. म्हणायला ‘हॅलोवीन’चाच रीमेक, पण पहिला मोठा तुकडा प्रीक्वलच. मायकेलची आई क्लबमध्ये कपडे उतरवून नाचते, तिचा दारुडा जोडीदार दिवसभर घरात शिव्या घालतो, शाळेतली पोरं छळतात आणि मायकेलच्या दप्तरात मेलेलं मांजर सापडतं. बघा, एकही रकाना रिकामा नाही. दारुडा सावत्र बाप आणि मेलेलं जनावर ह्या दोन गोष्टी घरात मीठ-मोहरीसारख्या असू द्या. प्राणी लहान असला तरी चालेल. स्वप्नात येऊन मारणाऱ्या फ्रेडी क्रूगरच्या बालपणासाठी १९९१ मध्ये वर्गातल्या एका हॅमस्टरवर भागवलं होतं.

मग मुखवटा. हा जिव्हाळ्याचा विषय, इथे घाई नको. १९७८ मध्ये मायकेल गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून एक मुखवटा, दोर आणि दोनेक सुऱ्या चोरतो आणि शेरीफ म्हणतो, पोराटोरांचं काम असेल. संपलं. पडद्यामागे तर त्याहून स्वस्त. ‘स्टार ट्रेक’च्या कॅप्टन कर्कचा, म्हणजे विल्यम शॅटनरच्या चेहऱ्याचा रबरी मुखवटा दोन डॉलरच्या आत आणला, डोळ्यांची भोकं मोठी केली आणि त्यावर पांढरा रंग फवारला. अशा दोन डॉलरच्या वस्तूला काय इतिहास असणार, असं म्हणू नका. झॉम्बीच्या सिनेमात तो बहिणीच्या मित्राचा असतो, छोटा मायकेल तो आपल्या इवल्या डोक्यावर चढवतो आणि मोठेपणी जुन्या घरातल्या जमिनीखालून तोच उकरून काढतो. पिढीजात पैठणीलाही लोक इतकं जपत नाहीत.

आता जन्म. खुनी जन्मला कुठे हे प्रेक्षकाला कळलंच पाहिजे, नाहीतर तो तिकिटाचे पैसे परत मागेल. ‘टेक्सास चेनसॉ’वाल्या लेदरफेसला १९७४ मध्ये जन्म वगैरे काही नव्हता. एक तरुण अनोळखी घरात डोकावतो, आतल्या दारापाशी अडखळतो, समोर एक धिप्पाड माणूस उभा राहतो, हातोडा डोक्यात बसतो. देह आत ओढला जातो आणि लोखंडी दार धाडकन बंद. काही सेकंदांचं काम. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रिमोट शोधायचंही सुचलं नव्हतं. २००६च्या प्रीक्वलने ही उणीव भरून काढली. बाळ १९३९ मध्ये कत्तलखान्यात जन्मलं, आई तिथेच गेली, बाळाला कचऱ्यात टाकलं, एका बाईने उचलून वाढवलं. पुढे तो कत्तलखाना बंद पडतो आणि नोकरी जाते. हा भयपट की गिरणी संपावरचं नाटक, असा प्रश्न पडला तर समजा तुम्ही योग्य मार्गावर आहात. ह्या खुन्याचं नाव थॉमस हेविट. मात्र २०१७ मध्ये आणखी एक प्रीक्वल आला, त्यात तोच लेदरफेस वेगळ्या घराण्यात जन्मतो, आडनाव सॉयर आणि बालपण मनोरुग्णालयात. टेक्सासच्या ह्या दुसऱ्या बालपणाचं चित्रीकरण बल्गेरियात झालं. दोन जन्म, दोन आडनावं. आधार कार्ड काढायला गेला असता तर खिडकीवरच्या बाईंनी तिथेच त्याचा निकाल लावला असता.

लहानपणी आजी सांगायची, मुंजा म्हणजे मुंज झालेला पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा, पिंपळावर असतो. एवढंच. त्याचा बाप पीत होता का, हे आम्ही कधी विचारलं नाही. पिंपळाखालून मात्र संध्याकाळनंतर गेलो नाही. आजीला प्रीक्वल जमला नसता.

खुनी हुशार, सुसंस्कृत असेल तर काम जरा अवघड, पण पैसा जास्त. माणसं खाणारा डॉक्टर हॅनिबल लेक्टर बघा. १९९१च्या ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’मध्ये त्याचं काम करणारा अँथनी हॉपकिन्स पडद्यावर जेमतेम सोळा मिनिटं आहे आणि तेवढ्यावर ऑस्कर घेऊन गेला. मूळ कादंबरीत तर लेक्टर स्वतःच त्याला भेटायला आलेल्या एफबीआयच्या क्लॅरिसला बजावतो की माझ्यावर काही गुदरलेलं नाही, उगाच कारणं शोधू नकोस. खुन्यावर इतका विश्वास ठेवायचा नसतो. निर्माते डिनो डी लॉरेंटिस यांनी कादंबरीकार थॉमस हॅरिसला स्वच्छ सांगितलं की प्रीक्वल होणारच, तू लिहिला नाहीस तर दुसऱ्याकडून लिहवून घेऊ. मग हॅरिसने कादंबरीही लिहिली आणि पटकथाही. निघालं काय, तर दुसऱ्या महायुद्धात लिथुआनियात भुकेल्या लुटारूंनी हॅनिबलची धाकटी बहीण मारून खाल्ली. पुढे फ्रान्समध्ये जपानी काकू तलवार शिकवते आणि हा एकेकाला शोधून मारतो. आपल्याला हे ओळखीचं वाटतं, कारण सत्तरच्या दशकातल्या हिंदी सिनेमात असंच एक पोर घरच्यांचे खून बघून पळत सुटायचं आणि पळता पळता त्याचे पाय मोठे व्हायचे. फरक इतकाच, की तिकडे त्या पायांचा मालक हिरो असायचा.

नटाच्या वयाची चिंता सोडा. ‘ऑर्फन’ (२००९) मध्ये इझाबेल फर्मन ह्या शाळकरी मुलीने एक प्रौढ बाई केली होती, जी नऊ वर्षांची असल्याचं सोंग करते. २०२२च्या प्रीक्वलमध्ये तीच नटी, आता विशीतली, आणि पात्र मात्र आधीपेक्षा लहान. मग उंच टाचांचे बूट सहकलाकारांनी घातले आणि पाठमोऱ्या दृश्यांना लहान मुली उभ्या केल्या. इच्छा असली की नट उलटा वाढवता येतो.

हिचकॉकच्या ‘सायको’तल्या नॉर्मन बेट्सबद्दल थोडक्यात. १९९० मध्ये त्याने रेडिओच्या कार्यक्रमात फोन करून आईची गाऱ्हाणी सांगितली, मग २०१३ ते २०१७ टीव्हीवर पन्नास भाग चालले. आपल्याकडच्या मालिकांपुढे पन्नास म्हणजे साखरपुडाही नाही, म्हणून ह्याबाबत मी अमेरिकेला माफ करतो.

एक धोक्याची सूचना. ‘पर्ल’ (२०२२) चुकूनही बघू नका. प्रीक्वलच आहे, १९१८ सालातलं शेत आहे, करडी आई आहे, प्राणीही मरतो, म्हणजे साहित्य सगळं बरोबर. पण शेवटी मिया गॉथ कॅमेऱ्याकडे बघून हसते आणि नामावली सरकू लागली तरी हसतच राहते. ओठ थरथरतात, डोळ्यांत पाणी येतं, हसू उतरत नाही. एवढं सगळं सांगूनही ती बाई कळली असं वाटत नाही. अशाने धंदा बुडेल.

तुमचा प्रीक्वल जमला की नाही, हे बघायला घरात एक गिऱ्हाईक लागतं. माझी भाची इंजिनिअरिंगला आहे, आमच्याकडे राहते. तिला आधी १९७८चा दाखवला. तिने विचारलं, ‘मामा, पण त्याने बहिणीला का मारलं?’ मी म्हटलं, सांगितलेलं नाही. त्यानंतर आठवडाभर तिने पॅसेजमधला दिवा बंद करू दिला नाही. विजेचं बिल माझ्या नावावर येतं, म्हणून पुढच्या शनिवारी २००७चा लावला. अर्ध्यातच ती म्हणाली, ‘अरेरे, बिचारा.’ मग तिने मोबाइल काढला, चिवडा संपवला आणि झोपायला जाताना पॅसेजमधला दिवा स्वतःच बंद केला.