च्या तेवढा घेतलाय

सकाळी सातला लॅबची खिडकी उघडते. नाव, वय नंतर. पहिला प्रश्न ठरलेला.

"उपाशी आलाय न्हवं?"

"व्हय, कडकडीत."

"काहीच नाही घेतलं?"

"काय म्हंजे काय न्हाई."

"चहा?"

"च्या तेवढा घेतलाय."

"नुसता?"

"दोन बटर हुती. पण ती बुडवून खाल्ली ओ."

यात माणसाचा तरी काय दोष? आमच्या कोल्हापुरात, गंगावेशीत पहाटे म्हशीची धार समोर काढून दुधाचा पेला हातात मिळतो, मिसळीच्या कढईतला कट सूर्याबरोबर उकळायला लागतो, आणि आमच्या हॉस्पिटलच्या फाटकासमोरचा चहाचा गाडा आमच्या आधी उघडतो. अशा गावात आठ तास उपाशी राहून परत त्याच गाड्यासमोरून आत यायचं म्हणजे चेष्टा नव्हे.

रिपोर्ट विचित्र आला की लोक मशीनकडं बोट दाखवतात. मशीन बिचारं निर्दोष असतं. रोज सकाळी त्याला आधी ठरावीक किमतीचं कंट्रोल सॅम्पल द्यायचं, त्याचं उत्तर बरोबर आलं तरच पेशंटची सॅम्पल्स लावायची, असा नियम आहे. लॅबमधल्या निम्म्याहून जास्त चुका सॅम्पल मशीनपर्यंत पोचायच्या आधीच होऊन गेलेल्या असतात. माझ्या मते आम्हाला पगार मिळतो तो खिडकी ते मशीन या पंधरा फुटांचा.

तर उपास. साखरेसाठी किमान आठ तास, चरबीसाठी दहा ते बारा. पाणी चालतं, चालतं कसलं, प्यावंच, नाहीतर शिरा रुसून बसतात. बिनसाखरेचा चहा चालत नाही, तंबाखू आणि मिस्रीही नाही. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घरून घेऊन निघायचं नाही, नाहीतर साखर घसरून आमच्याच खुर्चीत चक्कर येते; सोबत आणायचं आणि नाष्ट्याबरोबर घ्यायचं. थायरॉइडची गोळी रक्त दिल्यावर. बीपीची मात्र घोटभर पाण्याबरोबर नेहमीच्या वेळेला. एवढं सगळं सांगितलं की मावशी बरोबर उलटं करून येतात, म्हणून हल्ली आम्ही ते चिठ्ठीवर लिहून देतो. चिठ्ठी घरी राहते.

दुसरं टोक म्हणजे अतिभाविक. बारा तास सांगितले की हे अठरा धरतात आणि अभिमानानं सांगतात, "काल दुपारपासनं पाण्याचा थेंब न्हाई." एवढ्या उपासानं शरीर स्वतःच साखर बनवायला आणि चरबी जाळायला लागतं, आकडे पुन्हा हलतात. ही एकादशी नव्हे, पुण्य मिळत नाही.

तिसरा प्रकार खास कोल्हापुरी. रविवारी रात्री तांबड्या-पांढऱ्याची पंगत साडेअकराला उठते आणि सोमवारी सातला गडी लिपिड प्रोफाइलला, म्हणजे चरबीच्या तपासणीला, हजर. साडेसात तास झाले की! रक्त अर्धा तास गोठू द्यायचं, दहा मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, की वर नितळ पिवळसर सिरम यायला पाहिजे. याचं येतं ते थेट पांढऱ्या रश्श्यासारखं. मशीन सिरममधून उजेड पाठवून मोजतं, आणि त्या दुधाळ पाण्यातून उजेड धड पलीकडं जात नाही. म्हणजे ट्रायग्लिसराइड, ही रक्तातली चरबी, तर वाढलेली येतेच, बाकीच्या तपासण्याही बिघडतात. "परवा परत या" म्हटलं की चेहरा पडतो, कारण परवा बुधवार असतो, म्हणजे पुन्हा मटणाचा वार.

जेवणानंतरच्या साखरेचं वेगळंच. दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून. लोक मोजतात ढेकरेपासून. काहीजण दोन तासांत एक मिसळ, जादा पाव आणि वर थंडगार ताक असा कार्यक्रम उरकतात. काहीजण साखर कमी यावी म्हणून त्या दिवशी मुद्दाम अर्धी भाकरी खातात. रोज जे जेवता तेच, तेवढंच, रोजच्या गोळीबरोबर, एवढीच अपेक्षा असते. अर्धी भाकरी खाऊन डॉक्टरला फसवता येतं, एचबीए१सी या तीन महिन्यांच्या साखरेच्या तपासणीला नाही. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात पडलेली साखर अंगाला चिकटवून हिंडतात. गेल्या तीन महिन्यांतली सगळी लग्नं त्यात दिसतात.

आता सुई. दंडाला पट्टा बांधला की तो मिनिटाच्या आत सोडायचा. मूठ एकदा मिटली की बास. काहीजण उत्साहानं उघड-बंद करत राहतात, त्यानं पोटॅशियम खोटं वाढतं. मग रंगीत टोपणांच्या ट्यूबा. "एवढं रक्त?" हा प्रश्न येतोच. चार ट्यूबा मिळून दहा-बारा मिली होत नाही, अंगात पाच लिटर असतं. पण रक्तदानाला ३५० मिली हसत देणारा माणूस इथं दोन मिलीवरून भांडतो.

ट्यूबा भरायचा क्रम ठरलेला आहे: निळी, मग लाल किंवा पिवळी, मग जांभळी, शेवटी करडी. निळीत रक्त अगदी खुणेपर्यंतच हवं, नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. कमी भरलं तर रक्त गोठायला लागणारा वेळ खोटा लांबतो. जांभळीतलं ईडीटीए रक्त गोठू देत नाही, पण ते पोटॅशियमचं क्षार आहे. त्याचा अंश चुकून पिवळीत गेला की पोटॅशियम आभाळाला आणि कॅल्शियम तळाला. कागदावर तो माणूस जिवंत असायला नको, आणि तो समोरच्या बाकावर बसून पेपरातलं कुस्त्यांचं पान वाचत असतो. करडीत फ्लोराइड असतं, कारण रक्तातल्या पेशी ट्यूबमध्ये पडल्यावरही साखर खातच राहतात, तासाला पाच-सात टक्के संपवतात. पेशीही कोल्हापूरच्याच. आणि ट्यूब हळुवार आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करायची, खळाखळा हलवायची नाही. पेशी फुटल्या की सिरम लाल होतं आणि पहिल्यापासून सगळं.

कुस्त्यांवरून आठवलं, आमच्या गावचा एक स्वतंत्र विभाग म्हणजे तालमीतली पोरं. शिरा अशा की डोळे झाकून सापडाव्यात. पण सुई बघून भुईवर येण्यातही यांचाच पहिला नंबर. म्हणून पैलवान दिसला की आम्ही खुर्ची न देता सरळ कॉटवर आडवा करतो. चक्कर आलीच तर पाय वर उचलायचे, दोन मिनिटांत गडी शुद्धीवर आणि "काय झालं न्हाई ओ" म्हणायला मोकळा. यांचे रिपोर्टही मजेशीर. पहाटे पाचशे बैठका मारून आठला रक्त दिलं की सीपीके हे स्नायूंतलं एन्झाइम चढलेलं, एसजीओटी चढलेलं. एसजीओटी यकृतात असतं तसं स्नायूंतही असतं, हे घरच्यांना कोण सांगणार? ते पोराकडं संशयानं बघायला लागतात: कुठं पितोय काय हे? मूत्रपिंडासाठी बघतात ते क्रिएटिनिनही अंगावरच्या मांसामुळं जरा वरच राहतं. यावर उपाय एकच, तपासणीआधी दोन-तीन दिवस जोर-बैठका बंद. हे वस्तादांना सांगायची आमची हिंमत नाही.

लघवीच्या सॅम्पलबद्दल थोडक्यात: सुरुवातीची धार सोडून मधली धरायची, बाटली आम्ही देतो तीच वापरायची आणि तासा-दोन तासांत पोचवायची. घरची जॅमची बाटली कितीही धुतली तरी लघवीत साखर सापडते आणि घरात रडारड होते. चोवीस तासांच्या लघवीला पहाटेची पहिली टाकून द्यायची आणि दुसऱ्या दिवशीची पहिली कॅनमध्ये धरायची. पाच लिटरचा कॅन एसटीतून मांडीवर घेऊन येणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. शेजारचा प्रवासी तूप हाय काय विचारत असणार.

रिपोर्ट हातात पडला की लोक आधी चांदणी शोधतात, म्हणजे नॉर्मलबाहेरच्या आकड्यापुढची खूण. नॉर्मलची जी रेघ असते ती शंभर निरोगी माणसांतल्या मधल्या पंच्याण्णव जणांची. म्हणजे पाच धडधाकट माणसं मुळातच रेघेबाहेर. वीस वेगवेगळ्या तपासण्या एकदम केल्या तर पूर्ण निरोगी माणसालाही एखादी तरी चांदणी मिळायची शक्यता हिशेबानं ६४ टक्के निघते. आणि आपल्याकडं तर 'फुल बॉडी'त साठ-सत्तर तपासण्या, त्याही सवलतीत. सवलतीत चांदण्या घेऊन माणूस घरी जातो आणि रात्रभर मोबाइलवर त्या शोधत बसतो.

लॅबच्या शेजारचं दार सोनोग्राफीचं, आणि खरा धीर लागतो तो तिथं. पोटाची असेल तर सहा ते आठ तास उपाशी, कारण जेवल्यावर पित्ताशय आकसतं आणि आतले खडे नीट दिसत नाहीत. ओटीपोटाची असेल तर तासभर आधी चार ग्लास पाणी पिऊन रोखून धरायचं; भरलेलं मूत्राशय आतडी बाजूला सारतं आणि मागचं दिसतं. ध्वनिलहरींचा हवेपुढं टिकाव लागत नाही, म्हणून तर पोटावर ते थंड जेल फासतात. आता यात कुणी पाण्याऐवजी सोडा-लिंबू पिऊन आलं, की आत नुसती हवा आणि पडद्यावर नुसतं धुकं.

पाणी प्यायला सांगतात तेव्हाच नेमकी आत तातडीची केस येते. बाकावर सहा जण. कुणी कुणाशी बोलत नाही, कुणी हसत नाही, खोकला आला तर गिळतात. कोपऱ्यातल्या वॉश-बेसिनचा नळ कुणी सोडला तर सहाही जण त्याच्याकडं असं बघतात की तो निमूट बंद करतो. शेवटी एक आबा उठतात, "थोडी करून येतो." थोडी करणं हे साठीच्या माणसाच्या हातात असतं काय? पाच मिनिटांनी आबा प्रसन्न चेहऱ्यानं परत येतात आणि सिस्टर त्यांच्या हातात पुन्हा चार ग्लासांची बाटली देतात.

गरोदर बाईबरोबर आलेली एखादी आजी हळूच "पेढा का बर्फी?" विचारते. यावर विनोद नाही. मुलगा की मुलगी हे सांगायला बंदी करणारा १९९४ चा कायदा आहे, त्यातला फॉर्म एफ भरल्याशिवाय सोनोग्राफीचा प्रोब हातात घेत नाहीत, आणि सांगणाऱ्याइतकाच विचारणाराही आत जातो.

एमआरआय आमच्याकडं नाही, चिठ्ठी देऊन बाहेर पाठवतो. पाठवताना एवढंच बजावतो: त्या मशीनमधलं चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीसेक हजार पट जोराचं असतं आणि लाइट गेली तरी चालूच राहतं. अंगात क्लिप, पेसमेकर, जुन्या अपघातातली धातूची पट्टी, काय असेल ते आधी सांगा.

एक्स-रे त्या मानानं सोपा, मिनिटभराचा. तरी मंगळसूत्र, ताईत, हुक, खिशातली चिल्लर काढून ठेवावी लागते. मणी गुंफलेली वेणी पाठीवर राहिली तर फुप्फुसाच्या टोकाला गाठ असल्याचा भास होतो. छाती प्लेटला टेकवून, सहा फुटांवरून, भरपूर श्वास आत घेऊन रोखायचा. "श्वास घ्या, धरा" म्हटलं की कोल्हापूरकर "धरला" म्हणून सांगतो, आणि सांगताना सोडतो. मग फुप्फुसं आखडलेली, हृदय उगाच मोठं. एका फिल्मला ०.१ मिलिसिव्हर्टच्या आसपास किंवा कमीच किरण लागतात; निसर्गाकडून वर्षाला सरासरी २.४ फुकट मिळतात. तेव्हा दुसरी फिल्म काढावी लागली तर घाबरायचं कारण नाही, आमच्यावर चिडलात तर चालेल.

फिल्म मिळाली की ती डॉक्टरच्या आधी घरच्यांनी बघायची पद्धत आहे. व्हरांड्यातल्या ट्यूबलाइटसमोर काका ती उलटी धरतात आणि मंडळी भोवती जमतात. एक्स-रेत हाड पांढरं दिसतं आणि हवा काळी, म्हणजे ठणठणीत फुप्फुस काळंभोरच दिसायला पाहिजे. काकू मात्र दोन्ही फुप्फुसांवर बोट ठेवून म्हणतात, "बघा! तंबाखूनं आतनं पार कोळसा झालाय." काकांचा हात खिशातल्या पुडीवरून सावकाश बाजूला होतो. समजावून सांगायला डॉक्टर साडेअकराला येणारच असतात. तोवर आमच्यापैकी कुणीही काकूंची चूक दुरुस्त करायला जात नाही.