बाजारात तुरी आणि आउटफिल्डमध्ये गर्दी

तुम्ही बोस्टनच्या पश्चिमेला, श्रूजबरी नाहीतर वेस्टबरोत, घर घेऊन बसलात त्याला आता बरीच वर्षं झाली. ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसता येतो, रविवारी मुलांना मराठी शाळेत सोडता येतं, मंडळाच्या गणपतीत आरतीचं ताट कुणाकडे द्यायचं यावर तुमचं ऐकलंही जातं. उणीव एकच. जुलै उजाडला की ऑफिसात सगळे रेड सॉक्स या बोस्टनच्या बेसबॉल संघावर तावातावाने बोलतात आणि तुम्ही कॉफीचा कप धरून नुसते हसता. हे बरं दिसत नाही. कर भरता, मत हवंच.

त्यासाठी मॅच बघायची मुळीच गरज नाही. बघू नयेच. डोळ्यांनी पाहिलं की मत बिघडतं. शिवाय २०२३ मध्ये पिच क्लॉक (चेंडू टाकण्यावर वेळेची मर्यादा) आल्यापासून मॅच अडीच-पावणेतीन तासांत आटोपते, आणि तेवढ्या वेळात सराईत माणूस अर्धी टीम विकून रिकामा होतो. काल कोण जिंकलं, कुणी होम रन मारला, या गोष्टी फेनवे पार्क या घरच्या मैदानावर टोपी विकत घ्यायला आलेल्या पर्यटकांसाठी सोडा. जाणकार दोनच विषयांवर बोलतो: कुठला आउटफिल्डर द्यायचा, आणि मुख्य संघात अजून न आलेली कुठली पोरं वाचवायची.

आउटफिल्ड म्हणजे मैदानाचा मागचा पट्टा. तिथे तिघंच उभे राहतात: लेफ्ट, सेंटर, राइट. आता २०२५ ची बोस्टनची अवस्था बघा. लेफ्टला जॅरन डुरान, ज्याला आदल्या वर्षी ऑल-स्टार गेम या निवडक खेळाडूंच्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरवलं. सेंटरला कुरासाओचा सेदान रफाएला आणि राइटला व्हेनेझुएलाचा विल्यर अब्रेयू. त्या मोसमाअखेर या दोघांनीही क्षेत्ररक्षणासाठीचा गोल्ड ग्लव्ह पटकावला. शिवाय नऊ कोटी डॉलरच्या करारावर आणलेला मासाताका योशिदा. आणि दार ठोठावत उभा असलेला रोमन अँथनी, ज्याला जाणकारांनी देशातल्या सगळ्या होतकरू पोरांत पहिला नंबर दिलेला.

भोळा माणूस म्हणेल, वा, चांगभलं. तुम्ही कपाळाला आठ्या घालून म्हणायचं, "आउटफिल्डमध्ये प्रॉब्लेम आहे." समोरचा लगेच मान हलवेल. पाच चांगली माणसं असणं हे ज्याला संकट वाटत नाही, त्याला या खेळातलं काही कळत नाही असं खुशाल समजा.

आता विकायचा कोण? सोपं आहे. जो खेळतोय तो. त्याचे दोष रोज दिसतात: हा चेंडू सुटला, तो स्ट्राइकआउट झाला, परवा रागावला. न आलेल्याचे दोष दिसत नाहीत, कारण तोच दिसत नाही. डुरानच्या बदल्यात काय मागायचं हेही पाठ करून ठेवा: तरुण, स्वस्त, धडधाकट, आणखी पाच वर्षं क्लबच्या ताब्यात राहील असा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. असा पिचर कुठला क्लब देईल, हा प्रश्न अरसिकाचा. समोरच्या क्लबचा जनरल मॅनेजर अर्धवट आहे, या गृहीतकावर सगळी इमारत उभी आहे. आपलाही अर्धवटच आहे, पण तो मुद्दा ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) न झाल्यावर काढायचा. त्या जुलैत सॅन डिएगोला डुरान हवा असल्याची चर्चा होती. ट्रेडची डेडलाइन होती एकतीस जुलै, संध्याकाळी सहा. सहा वाजले आणि डुरान बोस्टनमध्येच राहिला. तुम्ही सहा वाजून एक मिनिटाने म्हणायचं, "घालवली संधी." तो गेला असता तर काय म्हणायचं होतं? "फुकट दिला." दोन्ही वाक्यं तयार ठेवावीत, त्यांना वेगळा अभ्यास लागत नाही.

खरा अभ्यास लागतो तो होतकरू पोरांचा. यांना प्रॉस्पेक्ट म्हणतात आणि यांच्यावर प्रेम करायची रीत आपल्याला परकी नाही. स्थळ सांगून आलं की पत्रिका येते, गुण जुळवले जातात, फोटो फिरतो, आणि मुलगा प्रत्यक्ष कुणी पाहिलेला नसतानाच घरात दोन तट पडतात. इथेही तसंच. फरक एवढाच की छत्तीस गुणांऐवजी वीस ते ऐंशी असे गुण असतात. पन्नास म्हणजे मेजर लीग या सर्वोच्च स्तराचा सरासरी खेळाडू. फटका, ताकद, धाव, फेक आणि झेल, या पाच सदरांत स्काउट आकडे भरतो. मुलगा असतो एकोणीस वर्षांचा, खेळत असतो व्हर्जिनियातल्या सेलममध्ये, आणि तुम्ही श्रूजबरीतल्या सोफ्यावरून सांगायचं की त्याची ताकद पंचावन्न लिहिलीय, पण ती साठ आहे. कशावरून, हे कुणी विचारत नाही. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, आणि पाळणा आता फोनवर दिसतो.

या प्रेमाचा कळस गाठायचा असेल तर ब्रेडन माँटगोमेरी या मुलाचं उदाहरण घ्या. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) बोस्टनने त्याला पहिल्या फेरीत निवडलं. आउटफिल्डर. कॉलेजच्या शेवटच्या दिवसांत घोटा मोडलेला, त्यामुळे त्या वर्षी तो बोस्टनच्या कुठल्याही संघाकडून एकही सामना खेळला नाही. डिसेंबरात त्याला आणखी तिघांबरोबर शिकागो व्हाइट सॉक्सकडे पाठवलं आणि गॅरेट क्रॉशे हा पिचर आणला. आणि माणसं हळहळली! न खेळलेल्या मुलाच्या न मारलेल्या होम रनांसाठी. क्रॉशे पुढच्याच मोसमात सर्वोत्तम पिचरसाठीच्या साय यंग पुरस्काराच्या मतदानात दुसरा आला, तरी हळहळणं थांबवायचं कारण नाही. माँटगोमेरीला अजून पंधरा वर्षं आहेत. तुम्हालाही असतील.

वादात इतिहास लागतोच, पण फार नको. दोन गोष्टी पुरतात आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध असल्यामुळे कधीच वाया जात नाहीत. कुणी म्हणालं, पोरं द्या आणि तयार खेळाडू आणा, तर आवाज खाली आणून "बॅगवेल" एवढंच म्हणा. १९९० च्या ऑगस्टमध्ये बोस्टनने ह्यूस्टनकडून लॅरी अँडरसन हा रिलीफ (सामन्याच्या मध्यात येणारा) पिचर घेतला आणि बदल्यात डबल-ए मधला, म्हणजे मेजर लीगच्या दोन पायऱ्या खालचा, जेफ बॅगवेल दिला. अँडरसनने बोस्टनसाठी २२ इनिंग टाकल्या. बॅगवेलने ह्यूस्टनसाठी ४४९ होम रन मारले आणि २०१७ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्या डबल-ए मोसमात त्याच्या नावावर अवघे चार होम रन होते, म्हणजे त्याची ताकद तेव्हा कुणालाच दिसली नव्हती, हे सांगायच्या फंदात पडू नका. तुम्हाला दिसली असती.

आणि कुणी उलट म्हणालं, तयार खेळाडू द्या, पोरं आणा, तर "मूकी" म्हणा. फेब्रुवारी २०२० मध्ये मूकी बेट्ससारखा आउटफिल्डर लॉस एंजेलिसच्या डॉजर्सला गेला. आले ते ॲलेक्स वर्दुगो, कॉनर वाँग आणि जेटर डाउन्स. या डाउन्सचं नाव न्यूयॉर्क यांकीजच्या डेरेक जेटरवरून ठेवलेलं. बोस्टनने कट्टर वैऱ्याच्या कर्णधाराच्या नावाचा मुलगा होतकरू म्हणून घरात घेतला, वर्षानुवर्षं त्याच्याकडे डोळे लावले, २०२२ मध्ये १४ सामने खेळवला आणि त्याच डिसेंबरात सोडून दिला. बेट्सने पहिल्याच वर्षी लॉस एंजेलिसला वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची मालिका, जिंकून दिली. हे सांगताना थोडं खिडकीबाहेर बघायचं. बोस्टनमध्ये या विषयावर खिडकीबाहेर बघणं सभ्य मानतात.

इतर गावांच्या जखमाही माहीत असाव्यात, म्हणजे परगावच्या पाहुण्याला गप्प करता येतं. शिकागो कब्जचा माणूस असेल तर १९६४ म्हणा: त्यांनी लू ब्रॉक सेंट लुइसला दिला आणि एर्नी ब्रोलियो हा पिचर घेतला. त्या दिवशी शिकागो खूश होतं. ब्रोलियोने कब्जसाठी तीन मोसमांत सात सामने जिंकले. ब्रॉकने त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकली आणि कारकिर्दीत ९३८ बेस चोरले (फटक्याची वाट न बघता पळून गाठले). सिनसिनाटीचा असेल तर फ्रँक रॉबिन्सन. तिशीला टेकलाय, आता काय उरलंय, म्हणून मालकांनी तो १९६५ च्या डिसेंबरात बाल्टिमोरला दिला. पुढच्याच वर्षी त्याने ट्रिपल क्राउन (फलंदाजीच्या तीन मुख्य आकड्यांत पहिला नंबर) आणि वर्ल्ड सिरीज दोन्ही घेतलं. मिनेसोटाचा कुणी भेटला तर मात्र हसूनच बोला. १९९४ च्या संपात त्यांनी डेव्ह विनफिल्ड क्लीव्हलँडला दिला, बदल्यात कोण ते नंतर ठरवू म्हणाले, मोसमच रद्द झाला, आणि शेवटी क्लीव्हलँडच्या साहेबांनी मिनेसोटाच्या साहेबांना जेवायला नेऊन हिशेब मिटवला असं सांगतात. हॉल ऑफ फेममधला आउटफिल्डर, मोबदला: एक जेवण. गोड काय होतं त्याची नोंद नाही.

पुढची परीक्षा द्यायची असेल तर वॉशिंग्टनचं प्रकरण घ्या. २०२२ च्या ऑगस्टमध्ये नॅशनल्सनी हुआन सोतो सॅन डिएगोला दिला. वय तेवीस. त्याने ४४ कोटी डॉलरचा करार नाकारला होता, आणि लोकांनी त्याच्या अकलेची काळजी केली होती. (पुढे न्यूयॉर्क मेट्सनी त्याला पंधरा वर्षांचे साडेशहात्तर कोटी दिले. काळजी करणारे अजून मासिक पगारावर आहेत.) बदल्यात वॉशिंग्टनला काय मिळालं? एब्रम्स, गोर, जेम्स वुड, शिवाय आणखी पोरं. आणि नवल म्हणजे पोरं निघाली! एब्रम्स २०२४ मध्ये ऑल-स्टार, गोर आणि वुड २०२५ मध्ये. होतकरू पोरांच्या व्यवहाराची याहून चांगली जाहिरात करणं अवघड. म्हणजे वॉशिंग्टन जिंकायला लागलं असेल? २०२५ मध्ये ते ९६ सामने हरले आणि हा ट्रेड करणाऱ्या जनरल मॅनेजरला जुलैतच घरी पाठवलं. २०१९ ला वर्ल्ड सिरीज जिंकल्यापासून २०२५ पर्यंत एकाही मोसमात त्यांचे विजय पराभवांहून जास्त नव्हते. तुम्ही मात्र ठामपणे सांगायचं की ट्रेड वॉशिंग्टननेच जिंकला. ट्रेड जिंकणं आणि सामने जिंकणं ही दोन स्वतंत्र खाती आहेत. पहिल्याचा झेंडा कुठे लावत नाहीत, एवढीच अडचण.

एक पथ्य कडक पाळा: वुस्टरला जायचं नाही. बोस्टनचा ट्रिपल-ए (मेजर लीगच्या एकच पायरी खालचा) संघ २०२१ पासून तिथे खेळतो, मैदान श्रूजबरीहून अगदी जवळ, तिकीट फेनवेच्या मानाने किरकोळ. मोह होईल. आवरा. कारण तिथे गेलात तर ज्याला तुम्ही "ट्रेड चिप", म्हणजे सौद्यातलं नाणं, म्हणता तो कुंपणापाशी उभा राहून लहान पोरांच्या चेंडूंवर सह्या करताना दिसेल. मग चिप म्हणणं जड जातं. २०२१ पर्यंत या पोरांना घरभाडं स्वतःच्या खिशातून द्यावं लागे. २०२३ मध्ये त्यांच्या संघटनेचा पहिला करार झाला, तेव्हा कुठे ट्रिपल-ए चा किमान वार्षिक पगार १७,५०० वरून ३५,८०० डॉलर झाला आणि डबल-ए चा १३,८०० वरून ३०,२५०. तुमच्या चर्चेत याच पोरांना "ॲसेट" म्हणतात.

जेम्स टिब्ज नावाची अशी एक ॲसेट. आउटफिल्डर, २०२४ च्या पहिल्या फेरीतला. २०२५ च्या जूनच्या मध्यावर तो सॅन फ्रान्सिस्कोच्या ओरेगनमधल्या संघात होता. बोस्टनने रफाएल डेव्हर्स हा खेळाडू दिला त्या ट्रेडमध्ये बोस्टनकडे आला, मेन राज्यातल्या पोर्टलंडच्या संघात गेला. जुलै संपता संपता डस्टिन मे या पिचरच्या बदल्यात डॉजर्सकडे गेला, म्हणजे ओक्लाहोमातल्या टल्साला. सहा आठवडे, तीन मालक. त्याचं सामान त्याच्याआधी पोचलं की नंतर, हा विषय जाणकारांच्या चर्चेत येत नाही. येतो तो असा: "टिब्जसाठी अजून थोडं मागायला हवं होतं."

भारतातून फोन आला आणि काकांनी विचारलं, यात आपलं कुणी आहे का, तर रिंकू सिंगचं नाव घ्या. केकेआरचा नव्हे. भालाफेक करणारा तो उत्तर प्रदेशचा मुलगा २००८ मध्ये एका चेंडूफेकीच्या स्पर्धेतून दिनेश पटेलसोबत पिट्सबर्ग पायरेट्सच्या मायनर लीगमध्ये गेला. बेसबॉल आधी कधी खेळलाच नव्हता. काका विचारतील, मग पुढे काय झालं? मेजर लीग काही गाठता आली नाही, पुढे कुस्तीत गेला, असं सांगून विषय हवापाण्यावर न्या.

राहिला रोमन अँथनी. जून २०२५ च्या सुरुवातीला त्याने वुस्टरकडून ४९७ फूट लांब होम रन मारला आणि सगळं मॅसॅच्युसेट्स ओरडलं, आणा त्याला! दोन दिवसांत आणला. पहिल्या सामन्यात एकही हिट नाही, वर राइट फिल्डमध्ये चेंडू हातून निसटला. मग सूर सापडला, आणि ऑगस्टमध्ये क्लबने त्याच्याशी आठ वर्षांचा तेरा कोटी डॉलरचा करार केला. म्हणजे आता तो होतकरू राहिला नाही, रोज दिसणार. तेव्हा घाई नको, पण तयारी असावी. एप्रिल-मेमध्ये कधीतरी आठवडाभर त्याची बॅट थंड पडेल. सोमवारी ऑफिसात कॉफीचा कप धरून नुसतं हसू नका. म्हणा, "आत्ता भाव आहे तोवर द्यावा. पोर्टलंडला एक पोरगा आहे, लक्ष ठेवून आहे मी."