‘गान्स’ हा ‘हंस’चा अपभ्रंश नव्हे

शाळेतील मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा तोच दावा फिरतो आहे : जर्मन ‘गान्स’ आणि इंग्रजी ‘गूज’ हे आपल्या ‘हंस’चे अपभ्रंश, सबब संस्कृत ही युरोपीय भाषांची जननी. मी जर्मनीत राहतो म्हणून दुजोरा माझ्याकडून हवा आहे, आणि तो मला देता येत नाही.

शब्दांमधील साम्य खरे आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. एका लुप्त मूळ भाषेतील महाप्राण व्यंजनाचा संस्कृतात ‘ह’ झाला आणि जर्मानिक (जर्मन, इंग्रजी ज्या कुळात येतात त्या) भाषांत ‘ग’. ‘काल’ या अर्थाच्या संस्कृत ‘ह्यः’ आणि जर्मन ‘गेस्टर्न’ यांतही हीच जोडी दिसते. पुढे प्राचीन इंग्रजीत ‘स’पूर्वीचा ‘न’ गळाला, आधीचा स्वर दीर्घ झाला आणि ‘गोस’ हे रूप उरले. जर्मनने तो ‘न’ आजवर राखला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी लिहितो की जर्मानियातील लहान, पांढऱ्या हंसांना ‘गान्ताए’ म्हणतात, त्यांची पिसे पौंडामागे 5 देनारियसना (रोमन चांदीच्या नाण्यांना) विकली जातात, आणि पहाऱ्यावरच्या तुकड्याच्या तुकड्या या शिकारीला धाडल्याबद्दल सहायक दलांच्या रोमन अधिकाऱ्यांवर ठपका येतो. ज्या लोकांचा आपल्या पक्ष्याशी इतका जुना व्यवहार होता, त्यांना त्याचे नाव आपणच शिकवले, असे म्हणायला आधार काय?

संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एकच असून तो कदाचित आता अस्तित्वात नसावा, हे ब्रिटिश न्यायाधीश व भाषाभ्यासक विल्यम जोन्सने 1786 मध्ये सांगितले ते कोलकात्यातच. इथे माझ्या मुलीच्या वर्गात शब्दाचा उगम विचारला की व्युत्पत्तिकोश उघडतात. आपल्याकडे आधी अभिमान उघडतो, याचा मला मनापासून राग येतो.

तरीही ‘गान्स’ हा शब्द माझ्या जिव्हाळ्याचा आहे. इथल्या पहिल्या नोव्हेंबरात कँटीनच्या फळ्यावर खडूने लिहिलेले ‘मार्टिन्सगान्स, रोटकोल, क्नोडेल’ (संत मार्टिनच्या सणाचा भाजलेला हंस, लाल कोबी, उकडलेले गोळे) वाचताना, या परक्या भाषेत आपले कोणीतरी आधीपासून राहत आहे, असे वाटून मला धीर आला होता. जननीचा मान मागणाऱ्याला तो धीर कळणार नाही. मला भावंडाचे नाते पुरेसे होते.

हे लिहिले की ग्रुपवर उत्तर येते, ‘तू आता त्यांचाच झालास.’ ते लागते, कारण इथल्या कोणीही मला अजून तसे म्हटलेले नाही.